वजनांचा रकाना

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मी वर्ध्यातल्या एका आरोग्य संशोधन संस्थेत सांख्यिकी सहायक म्हणून लागले. आमचं घर तळेगावचं, भाजीपाल्याच्या शेतीवर चालणारं. बाबा वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असं घेऊन आर्वीच्या बाजारात जायचे. नागपूरहून एमएस्सी करून आलेली मुलगी वर्ध्याला दिवसभर बसून नेमकं काय करते, हे त्यांना कोणी विचारलं की ते म्हणायचे, "आकडे साफ करते." त्यांच्या डोळ्यांपुढे निवडलेली मेथी असावी. पण ते फारसं चुकीचं नव्हतं. आठवडाभर मी वर्ध्याला एका भाड्याच्या खोलीत राहायची आणि शनिवारी दुपारी आर्वीची एसटी धरून, तिथून दुसरी गाडी बदलून घरी यायची.

त्या वर्षी संस्थेने आर्वी आणि आष्टी तालुक्यांतल्या काही गावांत नवजात बाळांच्या वजनाचा अभ्यास सुरू केला. बाळ जन्मलं की दोन दिवसांच्या आत एकदा वजन घ्यायचं आणि महिन्याने पुन्हा घ्यायचं. महिन्याभरात ज्यांचं वजन वाढलं नाही, त्या बाळांची यादी काढायची आणि वर्ध्याहून डॉक्टरांची गाडी त्यांच्या घरी पाठवायची. प्रत्येक गावात वजनं घ्यायला एक शिकलेली बाई हवी होती. अभ्यासाचे प्रमुख डॉक्टर, ज्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणायचो, त्यांनी मला विचारलं, "तळेगावात तुमच्या ओळखीचं कोणी आहे?"

मी काकूचं नाव सांगितलं. सांगायला क्षणही लागला नाही.

काकू नात्यातली नव्हे, शेजारची. तिच्या घरी कापडाचं दुकान. तिचा नवरा आणि धाकटा दीर मिळून ते चालवायचे, आणि ती आणि तिची जाऊ एकाच चुलीवर रांधायच्या. काकू मॅट्रिक झालेली होती. तिचं अक्षर इतकं वळणदार होतं की गल्लीतल्या लग्नपत्रिकांवरचे पत्ते तीच लिहायची. लहानपणी मला पाढे तिनेच घोकून घेतलेले. तिला स्वतःची मुलं नव्हती.

काम मिळाल्यावर पहिल्या शनिवारी ती आमच्या अंगणात आली. हातात स्प्रिंगचा काटा, त्याला लटकवायची कापडी झोळी आणि एक जाड वही.

"काय करून राह्यली वं काकू?" मी विचारलं.

"झोळी तोलून राह्यली. काल तोललीती, आज पुन्ना तोलली. पावसात कपडा दमट होते, मंग तिचं वजन वाढते. लेकराच्या वजनातून झोळीचं वजा करा म्हनते तुमचा कागद. पन कोन्या दिवशीचं?"

मी हसले. अभ्यासाच्या नियमावलीत झोळीचं वजन एकच छापलेलं होतं. काकू मात्र रोज तोलायची आणि फॉर्मच्या समासात लिहायची. तिच्या प्रत्येक आकड्याशेजारी काहीतरी असायचं. ‘बाळ रडत होतं, काटा हालत होता, तीनदा पाहून मधला घेतला.’ ‘दूध पाजल्यावर लगेच.’ ‘आजी ताईत काढू देत नाही, ताईतासकट.’ महिन्याकाठी ते फॉर्म माझ्या टेबलावर येत. कंप्युटरमध्ये नोंदणी क्रमांक, घरक्रमांक, आईचं नाव, तारखा आणि दोन वजनं एवढेच रकाने होते. समासातल्या मजकुराला जागा नव्हती, म्हणून मी तो वाचून सोडून द्यायची. पुढे पुढे वाचणंही सोडलं.

दिवाळीच्या आधी काकूच्या जावेला मुलगी झाली. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं मूल राहिलं नव्हतं, त्यामुळे घरात मोठा आनंद. जन्मताच बाळ थोडं लहानसर होतं. महिन्याने काकूने तिला झोळीत घातलं तर वजन जन्माच्या वेळेपेक्षा कमी भरलं. काकूने फॉर्म भरून पाठवला आणि ती दिराला म्हणाली, "हिले आर्वीले न्या."

दीर म्हणाला, "वर्ध्याची गाडी येनारच आहे नं? मोठे डॉक्टर पाहतीन. मंग ते सांगतीन तिकडं नेऊ."

हे चूक नव्हतं. काकूनेच घरोघर सांगितलं होतं की वजन घटलं तर गाडी येते.

तिकडे वर्ध्यात त्याच आठवड्यात सर मला म्हणाले, "तळेगावची यादी काढा. सगळ्यात हलकी बाळं वर." सगळे फॉर्म कंप्युटरमध्ये भरून झाले होते. तपासूनही झाले होते, दोनदा. मी स्प्रेडशीट उघडली, महिन्याच्या वजनांचा रकाना निवडला आणि लहानाकडून मोठ्याकडे लावायची आज्ञा दिली. रकाना लागला. शेजारची नावं जिथल्या तिथे राहिली, कारण मी फक्त तो एकच रकाना निवडला होता. माझ्या मशीनवरचा प्रोग्राम काही विचारायचा नाही. आता एकीच्या बाळाचं वजन दुसरीच्या नावासमोर गेलं होतं. मी ते पाहिलं नाही. फाइल जतन केली, जाणाऱ्या गाडीला सोयीचं पडावं म्हणून मग सगळा तक्ता घरक्रमांकाने लावला, जिथे वजन जन्माच्या वजनाहून वाढलेलं दिसत नव्हतं तिथे खुणा करून छापला आणि सरांना दिला.

पुढच्या बुधवारी गाडी तळेगावात आली. काकू त्या दिवशी शिवारातल्या वस्तीवर एका बाळंतिणीकडे गेली होती. डॉक्टर यादीतली घरं पाहून दुपारी परत गेले. काकूच्या दारावरून गाडी गेली, थांबली नाही.

गुरुवारी तिने एसटीडी बूथवरून संस्थेत फोन केला. फोन माझ्याकडे दिला गेला.

"गाडी आमच्या घरी काऊन नाई थांबली वं? लेकरू सुकून राह्यलं."

मी कागद ओढून जावेचं नाव शोधलं. त्यापुढचं वजन चांगलं होतं, गुटगुटीत बाळाचं. मी तिला ते वाचून दाखवलं.

तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असं नाई लिहिलं म्या."

"फॉर्ममध्ये चूक झाली असंन काकू. मी पाहतो. शनिवारी येऊनच राह्यली नं मी, तेव्हा बोलू."

फॉर्मचे गठ्ठे सरांच्या खोलीतल्या कपाटात होते आणि सर बैठकीत होते. संध्याकाळपर्यंत मी दुसऱ्या कामाला लागले. तेवढ्यात काकूने घरी जाऊन सांगितलं असणार की वर्ध्याच्या कागदावर वजन चांगलं आहे. दीर म्हणाला, "मंग तू काऊन आमाले भेवडावून राह्यली?"

शुक्रवारी बाळ गेलं.

शनिवारी मी एसटीतून उतरले तेव्हा दुकान बंद होतं. मी काकूच्या घरी जाऊन बसले. जाऊ भिंतीकडे तोंड करून निजली होती. काकूने माझ्याकडे पाहिलं, पण फोनबद्दल ती काही बोलली नाही. मीही नाही.

सोमवारी वर्ध्याला परत गेल्यावर मी तो फॉर्म काढून पाहू शकले असते. कपाटाची किल्ली सरांच्या टेबलावरच असायची. मी कपाटाजवळ गेले आणि परत आले. फॉर्मवर काकूची चूक असेल तर तिचं काय होईल, अशी मला भीती वाटते आहे असं मी स्वतःला सांगितलं. खरी भीती कसली होती हे मला माहीत होतं की नव्हतं, याचं उत्तर मी अजून देऊ शकत नाही.

त्याच दिवशी गाडीसोबत गेलेल्या डॉक्टरांनी सरांपुढे तक्रार ठेवली. यादीतल्या घरी गेलो तर बाळं धडधाकट, काटा लावला तर एकही वजन जुळलं नाही. सरांनी मला बोलावलं.

"तुमच्या नोंदीत चूक नाही ना?"

"नाही सर. दोनदा तपासलंय."

हे वाक्य मी खरं समजून बोलले. तपासलं होतं तेव्हा ते खरंही होतं.

मग चौकशी झाली. संस्थेचे पर्यवेक्षक छापील यादी घेऊन गावात गेले. वजन घेतल्यावर काकू ते बाळाच्या घरी ठेवलेल्या कार्डावरही लिहायची; त्या कार्डांवर वजन एक आणि यादीत दुसरं. काकूने आपली वही पुढे केली. वही कार्डांशी तंतोतंत जुळत होती. पर्यवेक्षक म्हणाले, वही मागाहून कार्डं पाहून लिहिता येते. कार्डं घरी खरी लिहिली आणि फॉर्म मात्र बसल्या जागी अंदाजाने भरून पाठवले, असं दिसतं. फॉर्म उघडून पाहण्याची गरज कोणालाच वाटली नाही, कारण फॉर्ममधलंच यादीत आलं आहे अशी सगळ्यांची खात्री होती. त्या खात्रीखाली सही माझी होती.

काकूच्या घरात उभं राहून पर्यवेक्षक म्हणाले, "तुमच्या स्वतःच्या घरचं बाळ सुद्धा तुम्ही चांगल्या वजनाचं लिहून पाठवलं."

जाऊ तिथेच होती.

काकूचं काम काढून घेतलं. तळेगावची सगळी माहिती अभ्यासातून वगळली. निबंध छापून आला तेव्हा त्यात एक ओळ होती: एका गावातील नोंदी विश्वासार्ह नसल्याने विश्लेषणात घेतलेल्या नाहीत. ती ओळ मीच टाइप केली.

त्या घरात दोन चुली झाल्या. दीर-जाऊ पुढच्या खोल्यांत, काकू आणि तिचा नवरा मागच्या. दुकान एकत्र राहिलं, पण दोघे भाऊ एकमेकांशी गिऱ्हाइकांमार्फत बोलावं तसं बोलायचे. गावातल्या बायांनी काकूला बाळंतिणीच्या घरी बोलावणं बंद केलं. ‘खोट्या वजनाची’ असं तिला पाठीमागे म्हणायचे. शनिवारी मी घरी आले की ती मागच्या दारी बसलेली दिसायची. "आली का वं?" म्हणायची. एवढंच. ती माझ्यावर रागावली असती तर मी कदाचित कपाट लवकर उघडलं असतं.

अशी पाच-सहा वर्षं गेली.

मग संस्थेने मला नागपूरला एका कार्यशाळेला पाठवलं. शिकवणारा गृहस्थ माझ्याच वयाचा होता. पहिल्याच तासाला त्याने आम्हाला विचारलं, "तुमच्या मागच्या अहवालातला कुठलाही एक आकडा घ्या. तो कुठून आला, हे आत्ता दाखवू शकाल?" वर्गात सगळे हसले. आमची पद्धत सगळ्यांची एकच होती. एका प्रोग्राममध्ये हिशेब करायचा, उत्तर कागदावर टिपायचं, दुसऱ्या प्रोग्राममध्ये अहवालात टाइप करायचं. मधल्या पायऱ्या कुठेच राहत नसत.

त्याने दाखवलेली रीत वेगळी होती. एकच फाइल. तिच्यात अहवालाचा मजकूर आपण लिहितो तसा लिहायचा, आणि जिथे आकडा हवा तिथे तो टाइप न करता तो काढणारा कोड लिहायचा, आर नावाच्या फुकट मिळणाऱ्या भाषेत. दोन कोनी कंस आणि बरोबरचं चिन्ह टाकलं की कोड सुरू, ‘@’ टाकलं की संपला आणि पुन्हा मजकूर सुरू. फाइल चालवली की प्रत्येक कोड मूळ माहितीपासून पुन्हा हिशेब करतो आणि वाक्यातल्या रिकाम्या जागी उत्तर आपोआप बसतं. मूळ नोंद बदलली तर वाक्यातला आकडा बदलतो. आज मी चालवली काय आणि दहा वर्षांनी परक्या माणसाने चालवली काय, तेच यायला हवं. तो म्हणाला, "प्रत्येक वाक्याला खाली पाय असले पाहिजेत."

मला ते फार आवडलं. परतताना रेल्वेत मी मनातल्या मनात आमचे सगळे जुने अहवाल असे लिहीत होते.

संधी लगेच मिळाली. ती बाळं आता शाळेत जायच्या वयाची झाली होती आणि सरांना त्यांचा पुढचा अभ्यास करायचा होता. त्यासाठी जुने तक्ते पुन्हा हवे होते. मी म्हटलं, मूळ फॉर्मपासून करते, नव्या रीतीने. सर म्हणाले, "करा, पण वेळ घालवू नका."

पंधरा दिवस सुरळीत गेले. एकेक परिच्छेद, त्याखाली त्याचा कोड. मग ती ओळ आली. एका गावातील नोंदी विश्वासार्ह नसल्याने. आधीच्या रीतीत ही ओळ नुसती टाइप करून पुढे जाता आलं होतं. आता तिच्याखाली कोड लिहायचा होता. का विश्वासार्ह नाहीत, ते माहितीतूनच दाखवायचं होतं. म्हणून मी तळेगावचा गठ्ठा काढला. सहा वर्षांनी पहिल्यांदा त्याची दोरी सोडली. फॉर्म एकेक करून नव्याने भरले, आणि या वेळी समासातला मजकूरही भरला, कारण या फाइलीत त्याला जागा होती. ‘काटा हालत होता, तीनदा पाहून मधला घेतला.’ ते भरताना माझ्या लक्षात आलं की काकू पहिल्यापासून हेच करत होती. आकडा लिहायचा आणि तो कसा आला ते त्याच्याशेजारी लिहायचं. मला ते कार्यशाळेत जाऊन शिकावं लागलं होतं.

मग मी कोड चालवला. चौकशीत टिपून आणलेली कार्डांवरची वजनं फॉर्ममधल्या वजनांशी ताडून, ज्या विसंगतीमुळे गाव वगळलं होतं ती दाखवायचा कोड. उत्तरात काहीच आलं नाही. पुन्हा चालवला. विसंगती नव्हतीच. प्रत्येक बाळाचं महिन्याचं वजन त्याच्या जन्माच्या वजनाशी शोभेल असं होतं. फक्त एक बाळ घटलं होतं, जावेचं. फॉर्मवर काकूने लिहिलं होतं, ‘झोळी आजच तोलली. पुन्हा तोललं, तेच. लवकर पाहावे.’

जुन्या फ्लॉपींचा डबा माझ्या टेबलाखालीच होता. तळेगावची फ्लॉपी अजून चालत होती. तीत छापण्याआधी जतन केलेली फाइल होती, नोंदणी क्रमांकाने लावलेली, आणि महिन्याच्या वजनांच्या रकान्यात पहिलं वजन सगळ्यात हलकं, दुसरं त्याहून थोडं जड, असं ओळीने शेवटपर्यंत. गावातली बाळं काही वजनाच्या क्रमाने जन्मत नाहीत.

दुपारचे साडेतीन वाजले होते. शेजारच्या खोलीत कोणीतरी चहाचे कप गोळा करत होतं. मी फ्लॉपी बाहेर काढली, पुन्हा आत घातली, पुन्हा पाहिलं. 

त्या आठवड्यात मी ती फाइल पूर्ण केली. फॉर्मपासून यादीपर्यंत, यादीपासून गाडीपर्यंत. एका परिच्छेदात लिहिलं की अमुक तारखेला विश्लेषकाने केवळ वजनांचा रकाना निवडून क्रम लावला, आणि त्याखाली ती चूक जशीच्या तशी पुन्हा करून दाखवणारा कोड दिला. तो चालवला की त्या बुधवारची चुकीची यादी पुन्हा तयार होत होती, एकही नाव इकडेतिकडे न होता. त्याखालचा दुसरा कोड खरी यादी काढायचा. तिच्यात एकच नाव होतं.

छापून मी सरांकडे नेली. त्यांनी शेवटपर्यंत वाचली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"तळेगाव घातलं तर निष्कर्ष बदलतो का?"

"थोडा. दिशा तीच राहते."

"मग छापलेल्याला हात लावायला नको."

"सर, त्या बाईंना निदान एक पत्र द्यायला हवं. संस्थेकडून."

"पत्रात काय लिहाल? ते बाळ कोणामुळे गेलं, असं उद्या कोणी विचारलं तर?" त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "तुम्ही तरुण आहात. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतो आहे. हे माझ्याकडे ठेवून जा."

मी एक प्रत ठेवली आणि दुसरी घेऊन शनिवारी तळेगावला गेले. काकू मागच्या दारी तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. कागद उघडून दाखवले. तिच्या हस्ताक्षरातलं समासातलं लिखाण आता छापलेलं होतं, ते तिने बोट ठेवून वाचलं.

"हे म्याच लिहिलंतं," ती म्हणाली.

"हाव काकू. तुह्यं सगळं बरोबर होतं. एक बी वजन चुकलं नाई. चुकी माह्यी आहे. म्या एकच रकाना हलवला."

तिला रकाना म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही. वहीत रकाने आखणारी बाई ती. तिने विचारलं, "म्हंजे गाडी आपल्या घरी यायची होती?"

"हाव."

"अन् फोनवर तू वाचून दाखवलं, ते दुसऱ्याच लेकराचं होतं."

"हाव."

तिने सुपातल्या शेंगा एका बाजूला केल्या. मी वाट पाहत होते की ती मला मारेल, शिव्या देईल, निदान रडेल. ती कागदाच्या घड्या घालू लागली. माझ्या घड्या होत्या त्याच रेषांवर.

"हे माह्या जावेले नको दाखवजो."

"काऊन? काकू, तिनं तुले सहा वर्सं..."

"ऐक. तिले आता दुसरं लेकरू झालं. ती मले दोष देते अन् रात्री निजते. तिले आता सांगतलं का गाडी येनार होती, दारापावेतो आलती, तर ती पुन्ना त्या दिवसात जाईन. अन् मंग तुह्या बापाच्या दारी जाईन. तुह्ये माय-बाप याच गल्लीत राह्यतात." तिने कागद माझ्या मांडीवर ठेवले. "माह्यी सवय झाली त्याईले. तुह्यी नवी होईन."

मी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज मलाच खोटा वाटला, कारण आतून मला हलकं वाटू लागलं होतं. तो हलकेपणा तिला दिसला असावा. ती म्हणाली, "जा आता, माय वाट पाहत असंन."

मी गेले. ते मी स्वतःला माफ केलेलं नाही.

त्यानंतर मी संस्थेत तीन वर्षं होते. सर निवृत्त झाले. त्यांच्याकडे ठेवलेली प्रत नव्या प्रमुखांना कधी मिळाली की नाही, कळलं नाही. मी विचारलंही नाही. नोकरी सोडायच्या आधी नव्या कंप्युटरवर मी ती फाइल एकदा चालवून पाहिली. दहा वर्षांनी परक्या माणसानेही चालवावी म्हणून लिहिलेली ती फाइल तिसऱ्याच वर्षी माझ्या हाताखाली अर्ध्यावर थांबली. आरची आवृत्ती बदलली होती, मी वापरलेली एक आज्ञा आता वेगळी झाली होती. दुरुस्त करायला एक दिवस पुरला असता. मी तो दिला नाही. आर्वीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायला लागले, आणि तिथे फळ्यावर जे लिहायचं ते दिवसअखेर पुसलं जायचं, याचं मला बरं वाटायचं.

माझ्या भावाला मुलगी झाली तेव्हा आमच्या घरी बारसं होतं. गल्लीतल्या सगळ्या बाया आल्या. काकू आणि तिची जाऊ दोघी आल्या, वेगवेगळ्या. नाव ठेवून झालं आणि बाळ एका हातातून दुसऱ्या हातात फिरू लागलं. माझ्या आईने ते काकूपुढे धरलं. काकूचे हात पुढे आले.

"तिच्याजवळ नका देऊ," जाऊ म्हणाली. मोठ्याने नाही. शेजारच्या बाईच्या कानात सांगावं तसं, पण खोली गप्प होती, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं.

काकूने हात मागे घेतले. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती मला थांबवते आहे. आता इतक्या वर्षांनी मला खात्री देता येत नाही. कदाचित ती वाट पाहत होती.

माझ्या हातात पेढ्यांचं ताट होतं. मी ते घेऊन पुढच्या बाईकडे गेले.

काकू थोडा वेळ बसली. मग डोक्यावरचा पदर नीट केला, आईला "येतो वं" म्हणाली आणि मागच्या दाराने निघून गेली.